हौशी धावपटूच्या चार फेऱ्या

आपल्या निवासी विद्यालयात राहून गेलेल्या प्रत्येकाला सकाळच्या वंदनेनंतरचे मैदान आठवत असेल. चुन्याच्या फक्कीने आखलेली २०० मीटरची ती लंबगोल रेघ, पावसाळ्यात वाहून जाणारी आणि दिवाळीनंतर पुन्हा उजळणारी, आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालून गेली आहे. वार्षिक क्रीडामहोत्सवात १०० मीटरच्या शर्यतीला सर्वांत जास्त टाळ्या पडतात. चार फेऱ्यांच्या ८०० मीटर शर्यतीला मात्र प्रेक्षक पहिली फेरी पाहतात, मध्येच गप्पांत रमतात आणि शेवटच्या वळणाला पुन्हा मान वळवतात. या मधल्या, दुर्लक्षित फेऱ्यांविषयी या स्मरणिकेच्या निमित्ताने काही लिहावे, असे आमच्या मनात होते.

त्याला आणखी एक कारण आहे. मैदानाची जबाबदारी सांभाळताना आम्ही पालक सभेत एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत : “सर, पोरगं पळतंय ते चांगलंच आहे, पण यंदा दहावी आहे. आता मैदान बंद करा.” या वाक्यामागची काळजी खरी आहे. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणाऱ्या आईवडिलांना मैदानावरचा तास हा अभ्यासातून वजा झालेला तास वाटतो. त्यांना उपदेश करून उत्तर देता येणार नाही. ही शर्यत नेमकी काय असते आणि ती हौसेने धावणारा माणूस काय करत असतो, हे उलगडून सांगणे हेच अधिक प्रामाणिक उत्तर होय.

मधला पल्ला : जमा आणि खर्च

ऑलिम्पिकमध्ये ८०० आणि १५०० मीटर या मध्यम पल्ल्याच्या प्रमुख शर्यती मानल्या जातात. ४०० मीटरच्या प्रमाणित धावमार्गावर पहिली दोन फेऱ्यांची, तर दुसरी पावणेचार फेऱ्यांची. पूर्वी इंग्रजी मापांच्या देशांत १५०० मीटरऐवजी मैलाची, म्हणजे सुमारे १,६०९ मीटरची शर्यत अधिक मानाची होती. ४४० यार्डांच्या मार्गावर तिच्या बरोबर चार फेऱ्या होत.

१०० मीटर धावताना विचाराला सवड नसते. मॅरेथॉनमध्ये चुकलेला वेग सावरायला वेळ असतो. मध्यम पल्ल्यात विचार करावा लागतो आणि चूक सुधारायला वेळही फारसा मिळत नाही. याचे मूळ शरीराच्या रचनेत आहे. स्नायूंना शक्ती मुख्यत्वे दोन वाटांनी मिळते. एक वाट प्राणवायूची. ती दीर्घकाळ पुरते, परंतु हृदय आणि फुप्फुसे पूर्ण क्षमतेला येईपर्यंत थोडा अवधी जातो. दुसरी वाट प्राणवायूवाचूनची. तिच्यातून शक्ती झटपट मिळते, मात्र ती उसनवारीसारखी असते. स्नायूंमधील आम्लता वाढत जाते, पाय भरून येतात आणि टाच उचलणेही जड होते. ८०० मीटरमध्ये निम्म्याहून अधिक शक्ती पहिल्या वाटेने येते आणि १५०० मीटरमध्ये हा वाटा सुमारे चार पंचमांशांपर्यंत जातो. उरलेली सारी उसनवारी. ती केव्हा आणि किती करायची, यावर शर्यत ठरते.

आपल्या मैदानावरचे उदाहरण घेऊ. ८०० मीटर ३ मिनिटांत धावण्याची कुवत असलेल्या मुलाने २०० मीटरची प्रत्येक फेरी ४५ सेकंदांत धावावी. परंतु शिट्टी वाजताच मित्रांच्या आरोळ्यांत तो पहिली फेरी ३४ सेकंदांत मारतो. दुसरी ४४ सेकंदांची होते, तिसरी ५८ची आणि चौथी कशीबशी ५४ची. बेरीज होते ३ मिनिटे १० सेकंद. पहिल्या फेरीत मिळवलेले ११ सेकंद पुढच्या दोन फेऱ्यांत व्याजासह परत गेले. आम्ही दरवर्षी हे पाहतो. पहिल्या फेरीत आघाडीवर असलेला मुलगा तिसऱ्या फेरीत कमरेवर हात ठेवून चालू लागतो आणि ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते असा एखादा सावकाश पुढे निघून जातो.

याखेरीज लहान लहान हिशोब असतात. एक पूर्ण फेरी आतल्या रेघेऐवजी एका पट्ट्याने बाहेरून धावली, तर सात मीटरांहून अधिक अंतर जास्त पडते. म्हणून जाणता धावपटू वळणावर पुढच्याला ओलांडण्याची घाई करत नाही, सरळ मार्गाची वाट पाहतो. पुढे धावणारा वारा अंगावर घेतो, त्याच्या मागे धावणाऱ्याचे श्रम थोडे वाचतात. सतत आघाडीवर राहणे नेहमीच शहाणपणाचे नसते, हे या शर्यतीतच मुलांना प्रथम कळते.

ऑक्सफर्डची एक संध्याकाळ

हौशी धावपटूचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्लंडचे रॉजर बॅनिस्टर. १९४६ साली ते ऑक्सफर्ड विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा खिळ्यांचे बूट घालून ते कधी धावलेले नव्हते. पुढे ते लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकाचे विद्यार्थी झाले. धावण्यासाठी त्यांच्याजवळ दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. तेवढ्यात जवळच्या पॅडिंग्टनच्या मैदानावर जाऊन ते अर्धापाऊण तास सराव करत आणि पुन्हा कामाला लागत.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरच्या शर्यतीत ते चौथे आले. उपान्त्य फेरी ऐनवेळी वाढवण्यात आली होती आणि त्यांच्या मोजक्या सरावाला लागोपाठच्या शर्यती झेपल्या नाहीत. तेथे सुवर्णपदक मिळाले असते तर ते तेव्हाच निवृत्त झाले असते, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. अपयश आले म्हणून त्यांनी आणखी दोन वर्षे धावण्याचे ठरवले. आता उद्दिष्ट होते मैल चार मिनिटांच्या आत धावण्याचे, म्हणजे चारही फेऱ्या सरासरी मिनिटभराच्या आत घेण्याचे. तेव्हाचा विक्रम स्वीडनच्या गुंडर हेग यांचा होता, १९४५ सालचा, ४ मिनिटे १.४ सेकंदांचा.

बॅनिस्टर आणि त्यांचे दोन मित्र, ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे, ४४० यार्डांची एक फेरी दहा वेळा, मध्ये थोडी विश्रांती घेऊन धावत. ही फेरी ६१ सेकंदांवर अडून बसली. कितीही जोर लावला तरी वेळ कमी होईना. तेव्हा बॅनिस्टर आणि ब्रॅशर सराव थांबवून काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत चढाईला गेले. परतल्यावर तीच फेरी ५९ सेकंदांत होऊ लागली. तळपाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करणाऱ्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला होता, तो आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. तार फार ताणली तरी सूर बिघडतो आणि सैल सोडली तरी बिघडतो. धावपटूच्या सरावालाही हा नियम तंतोतंत लागू पडतो.

६ मे १९५४. त्या सकाळीही बॅनिस्टर रुग्णालयात गेले होते. तेथील प्रयोगशाळेतल्या सहाणेवर त्यांनी बुटांचे खिळे घासले आणि मग आगगाडीने ऑक्सफर्ड गाठले. इफ्ली रोडचे मैदान, कोळशाच्या राखेचा धावमार्ग आणि दिवसभर घोंघावणारा वारा. अशा वाऱ्यात प्रयत्न करावा की पुढे ढकलावा, हे शेवटच्या क्षणापर्यंत ठरत नव्हते. शर्यतीच्या थोडे आधी चर्चच्या मनोऱ्यावरचा ध्वज मंदावलेला दिसला आणि धावायचे ठरले.

पहिल्या फेरीत ब्रॅशर पुढे होते. उत्साहाच्या भरात बॅनिस्टर यांना वेग कमी वाटला आणि त्यांनी मागून ओरडून तो वाढवायला सांगितले. ब्रॅशर यांनी ते मानले नाही, ठरलेलाच वेग ठेवला. फेरी साडेसत्तावन्न सेकंदांच्या आसपास झाली. ब्रॅशर यांनी त्या वेळी ऐकले असते, तर बहुधा आपल्या मैदानावरच्या मुलासारखेच झाले असते. अर्धे अंतर १ मिनिट ५८ सेकंदांत पार पडले. ब्रॅशर दमताच चॅटवे पुढे आले आणि तिसरी, सर्वांत जड फेरी त्यांनी ओढून नेली. तीन फेऱ्यांना तीन मिनिटांहून किंचित जास्त वेळ लागला होता. शेवटची फेरी सुमारे ५९ सेकंदांत व्हायला हवी होती. शेवटच्या वळणाआधीच्या सरळ मार्गावर बॅनिस्टर चॅटवे यांना ओलांडून पुढे गेले आणि फीत तोडून लोकांच्या हातांवर कोसळले. निवेदकाने वेळेतील ‘तीन’ हा आकडा उच्चारताच झालेल्या जल्लोषात पुढचे काही ऐकूच आले नाही. वेळ होती ३ मिनिटे ५९.४ सेकंद.

सांगोवांगी आणि वस्तुस्थिती

ही घटना आज प्रेरणादायी व्याख्यानांत वारंवार सांगितली जाते. ‘चार मिनिटांच्या आत मैल धावला तर माणूस मरेल असे सारे डॉक्टर म्हणत होते आणि एकाने भिंत फोडताच वर्षभरात शेकडोंनी ती ओलांडली’, असे त्यात असते. मुलांना खोट्या गोष्टीने दिलेली प्रेरणा टिकत नाही, म्हणून वस्तुस्थिती सांगणे आम्ही आवश्यक समजतो. बॅनिस्टर स्वतः वैद्यकाचे अभ्यासक होते. फिरत्या पट्ट्यावर धावणाऱ्या माणसाच्या श्वसनाचे प्रयोग त्यांनी स्वतः केले होते आणि चार मिनिटांचा आकडा म्हणजे शरीराची सीमा नव्हे, हे ते जाणून होते. ऑस्ट्रेलियाचे जॉन लँडी त्याआधी अनेकदा ४ मिनिटे २ सेकंदांच्या जवळ पोहोचले होते. बॅनिस्टर यांचा विक्रम २१ जून १९५४ रोजी फिनलंडमध्ये लँडी यांनीच मोडला. शेकडो तर सोडाच, १९५४ संपेपर्यंत ही कामगिरी या दोघांखेरीज कोणालाही जमली नव्हती. त्या ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला दोघे समोरासमोर आले. शेवटच्या वळणावर आघाडीवरच्या लँडी यांनी डाव्या खांद्यावरून मागे पाहिले आणि त्याच क्षणी बॅनिस्टर उजवीकडून पुढे गेले. तेथेही दोघांनी चार मिनिटांच्या आत अंतर कापले.

लँडी यांची दुसरी एक शर्यत आम्हाला अधिक मोलाची वाटते. १९५६ साली मेलबर्नच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिसऱ्या फेरीत रॉन क्लार्क नावाचा तरुण धावपटू पडला. त्याच्यावरून उडी मारून पुढे गेलेले लँडी थांबले आणि त्याला काही लागले तर नाही ना हे पाहण्यासाठी मागे वळले. मग पुन्हा धावू लागले आणि शर्यत जिंकलेही.

या साऱ्यातून दिसते ते एवढेच की, विक्रम एकाच्या नावावर लागला तरी तो तिघांनी मिळून केला होता. ब्रॅशर आणि चॅटवे यांनी वारा अंगावर घेतला आणि वेग सांभाळला. त्यांनीही पुढे स्वतःच्या वाटा काढल्या. ब्रॅशर १९५६ साली अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतीत ऑलिम्पिक विजेते झाले. चॅटवे यांनी १९५४ सालीच ५,००० मीटरचा जागतिक विक्रम केला. आपल्याकडचे राजपुताना रायफल्सचे जवान श्रीराम सिंग यांचेही येथे स्मरण होते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत त्यांनी पहिल्या फेरीत धाडसाने वेग ठरवला. ते १ मिनिट ४५.७७ सेकंदांत सातवे आले. क्यूबाच्या अल्बेर्तो हुआन्तोरेना यांनी जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले आणि त्याचे श्रेय श्रीराम सिंग यांच्या त्या वेगालाही दिले. सातव्या क्रमांकाची ती वेळ भारताचा राष्ट्रीय विक्रम म्हणून २०१८ पर्यंत अबाधित राहिली.

हौस कोणाला परवडते?

‘हौशी’ हा शब्द आज सौम्य वाटतो. खेळाच्या इतिहासात मात्र तो दार बंद करणारा शब्दही होता. १८६६ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबच्या व्याख्येत कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांना हौशी खेळाडू मानलेच जात नव्हते. हाताने काम करून पोट भरणारा माणूस कितीही वेगवान असला, तरी त्याला ‘सभ्य’ लोकांच्या रेघेवर उभे राहता येत नसे. १८८० साली नवी संघटना निघाली तेव्हा हे कलम गेले. तरीही पैसे घेतले की हौशीपण संपले, हा नियम दीर्घकाळ राहिला. ज्यांच्या विक्रमाचा उल्लेख वर आला, त्या हेग यांच्यावर धावण्याचे पैसे घेतल्याच्या कारणावरून आजन्म बंदी घालण्यात आली. घरी खाऊनपिऊन सुखी असलेल्याला हा नियम जाचत नव्हता. जन्मावरून कोणाला कोठे उभे राहता येईल हे ठरवण्याची रीत आपल्या समाजाला नवी नाही, म्हणून ही गोष्ट आपल्या वाचकांना फार समजावून सांगावी लागणार नाही.

बॅनिस्टर ज्या हेलसिंकीत चौथे आले, त्याच ऑलिम्पिकमध्ये सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांना तेथे जाता यावे म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले होते. दोघेही हौशी खेळाडूच. एकाची हौस जेवणाच्या सुट्टीत भागत होती, तर दुसऱ्याच्या हौसेसाठी गाव उभे राहिले होते.

मुलींसाठी हे दार आणखी उशिरा उघडले. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत प्रथमच झाली. जर्मनीच्या लीना राडके यांनी ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकली. अंतिम शर्यतीतील नऊही जणींनी ती पूर्ण केली होती. परंतु अनेक जणी कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या छापून आल्या, हे अंतर स्त्रीच्या शरीराला झेपणारे नाही असा निष्कर्ष काढला गेला आणि १९६० पर्यंत ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत पुन्हा झाली नाही. मैलाच्या बाबतीतही असेच. बॅनिस्टर यांच्या विक्रमानंतर अवघ्या २३ दिवसांनी, २९ मे १९५४ रोजी, बर्मिंगहॅममध्ये रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या डायन लेदर यांनी मैल ४ मिनिटे ५९.६ सेकंदांत धावला. पाच मिनिटांच्या आत मैल धावणाऱ्या त्या पहिल्या महिला. आंतरराष्ट्रीय संघटना तेव्हा महिलांच्या मैलाचा जागतिक विक्रमच नोंदवत नव्हती. त्यामुळे बॅनिस्टर यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले आणि लेदर यांचे मागे राहिले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये केरळच्या शायनी अब्राहम यांनी ८०० मीटरच्या उपान्त्य फेरीत मजल मारली, तेव्हा या बंद दाराचा इतिहास किती जणांच्या लक्षात होता?

पालकांना उत्तर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बॅनिस्टर १९५४ सालीच, वयाच्या २५ व्या वर्षी स्पर्धांतून निवृत्त झाले आणि मज्जासंस्थेचे नामांकित तज्ज्ञ बनले. मैलाच्या विक्रमापेक्षा वैद्यकातील आपले काम ते अधिक महत्त्वाचे मानत. २०१८ साली त्यांचे निधन झाले. धावण्याने त्यांचा अभ्यास बुडाला नाही. मात्र धावल्यामुळेच ते मोठे डॉक्टर झाले, असा दावाही आम्ही करणार नाही. दिवसातला एक तास नेमका वापरणे, उत्साहाच्या भरात पहिल्याच फेरीत सारे खर्चून न टाकणे, अडल्यावर विश्रांती घेऊन पुन्हा उभे राहणे, हे दोन्हीकडे लागते, इतकेच आमचे म्हणणे आहे. दहावीचे वर्ष हीदेखील मध्यम पल्ल्याचीच शर्यत आहे. जूनमध्ये सुसाट सुटलेली आणि दिवाळीनंतर थकून बसलेली मुले आम्ही वर्गातही पाहिली आहेत.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. दहावीच्या मुलाचा सराव आम्ही अवश्य कमी करू. आठवड्यातून तीन दिवस, तीसचाळीस मिनिटे, पुरेशी झोप आणि परीक्षेच्या काळात पूर्ण सुट्टी. पण मैदान पूर्ण बंद करू नका. मुलींच्या बाबतीत तर ही विनंती दुप्पट आग्रहाची आहे, कारण मैदान सुटले की मुलांना ते पुन्हा मिळते, मुलींना बहुधा मिळत नाही. यांतील बहुतेक जण कोठेही पदक मिळवणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. ज्या रेघेवर उभे राहण्याची परवानगी कष्टकऱ्याला आणि स्त्रीला नव्हती, त्या रेघेवर केवळ आवडते म्हणून धावणे हाही त्यांचा हक्क आहे. तो त्यांना या मैदानाने द्यावा, एवढीच आमची इच्छा आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक वेगळी विनंती. यंदाच्या क्रीडामहोत्सवाला याल, तेव्हा ८०० मीटरच्या वेळी अंतिम रेषेपाशी गर्दी करू नका. तेथे टाळ्या वाजवायला पुष्कळ जण असतात. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, कडुलिंबाच्या झाडांजवळ जाऊन उभे राहा. तिसऱ्या फेरीत मुले तेथून जातात, तेव्हा त्यांचे पाय भरून आलेले असतात आणि आजूबाजूला कोणी नसते. तेथे कोणीतरी नाव घेऊन हाक मारली, तर ती चौथ्या फेरीपर्यंत पुरते. तुमच्यापैकी अनेकांना तशी हाक कोणी ना कोणी दिली असेल. आता ती देण्याची पाळी आपली आहे.